शेवटून दुसरी

अगं,

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा भांडी घासताना, दुसऱ्यांदा नुसतीच खिडकीत बसून. त्यातली निम्मी मिनिटं कुकरच्या शिट्ट्या, मागून काकूंच्या सूचना आणि तुझं 'थांब गं जरा' यातच गेली. पण शेवटी म्हणालीस ना, की आता मेसेज नको, नीट पत्र लिही, मागच्या बाकावरून चिठ्ठ्या धाडायचीस तसं, ते लागलं मनाला. तर घे. अक्षर अजून तसंच आहे, जर्नल परत फेकायच्या लायकीचं.

आधी बातमी सांगते, म्हणजे एकदाचं हसून घेशील. मी धावते. हो, मीच. पी.टी.च्या तासाला जिचं नेमकं पोट दुखायचं, ती. दर शनिवारी सकाळी नऊ वाजता, पाच किलोमीटर. 'धावते' हा शब्द जरा उदार आहे. मध्ये मध्ये चालते, बदकं बघते, एकदा तर बुटाची नाडी चार वेळा बांधली. पण पाचही किलोमीटर पुरे करते.

याला इथे इंग्लंडमध्ये पार्करन म्हणतात. पैसे नाहीत, बक्षीस नाही. एकदा नाव नोंदवायचं, आपला बारकोड घ्यायचा आणि बागेत हजर व्हायचं. घोषणा करणारे, वळणावर टाळ्या वाजवणारे, वेळ लावणारे सगळे हौशी. पहिल्या शनिवारी माझ्या मागे एक बाई सारखी रेंगाळत होती. मी हळू झाले की ती हळू, मी थांबले की ती थांबे. मला वाटलं, बिचारीला माझी दया आलीय. तीनदा म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. ती हसून म्हणाली, नाही, मला शेवटीच यायचंय, ते माझं काम आहे! तुला सांगते, मी हसत सुटले. क्रम लावलेल्या सांत संचाला शेवटचा घटक असणारच, त्यातून सुटका नाही. तर या लोकांनी तो घटकच कामाला लावून ठेवलाय. दर आठवड्याला एक स्वयंसेवक मुद्दाम सर्वांत मागे राहतो, म्हणजे बाकी कुणीच शेवटचं येत नाही. मी शेवटून दुसरी आले. शाळेत हे कुणाला सुचलं असतं तर माझं पोट एवढं दुखलं नसतं.

मग डोक्यात भूत शिरलं की हे जिथे सुरू झालं ती जागा बघायची. दोन गाड्या बदलून गेले टेडिंग्टनला. लंडनच्या नैऋत्येला बुशी पार्क आहे. चेस्टनटच्या झाडांची लांबच लांब रांग, आणि हरणं अशी निवांत की आपणच परके वाटावं. २ ऑक्टोबर २००४ ला इथे तेरा जण धावले. पॉल सिंटन-ह्यूइट नावाच्या धावपटूला दुखापत झाली होती, धावता येत नव्हतं. मित्र तर भेटायला हवेत, म्हणून हा घाट. कोण कितवा आला हे कळायला त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून नळाला घालतो तसले वॉशर आणले आणि त्यांच्यावर आकडे ठोकले. तुझ्या बाबांच्या दुकानातली ती वॉशरची बरणी आठवली बघ. आपण त्यांच्या बांगड्या करायचो. आपल्याला काही सुचलं नाही ते नाहीच.

पण खरी गंमत वेगळीच, आणि ती सांगायला तुझ्याइतकं योग्य माणूस जगात नाही. त्याच बुशी पार्कला लागून, एका कुंपणापलीकडे, ब्रिटनची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आहे, तुम्ही मास्तर लोक जिला एनपीएल म्हणता ती. १९५५ साली लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी तिथे सीझियमच्या अणूवर चालणारं घड्याळ बनवलं, तीनशे वर्षांत एखादा सेकंद चुकेल असं. १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्याच त्यावरून ठरली: ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं झाली की एक सेकंद. हा आकडा तू मला परीक्षेच्या आदल्या रात्री लोणच्याच्या फोडीसारखा भरवला होतास, आठवतंय? एका बाजूला तो सेकंद आणि अलीकडे गवतात उभा एक हौशी माणूस, हातात फोन, अंगठ्याने वेळ टिपणारा. डोळ्याने बघून अंगठा हलायलाच पाव सेकंद जातो. तेवढ्यात तो अणू २३० कोटी झोके घेऊन मोकळा! मी कुंपणाशी उभी राहून एकटीच हसत होते. एक हरीण माझ्याकडे संशयाने बघून गेलं.

आणि याच प्रयोगशाळेत १९४५ पासून तीनेक वर्षं ॲलन ट्युरिंग होता. 'एस' नावाच्या संगणकाचा आराखडा त्याने इथे केला. तुझा तो लाडका, मशीन थांबणार की नाही यावर वाद घालायला लावणारा. स्वतः मात्र थांबायचं नाव नाही! वॉल्टनच्या साध्या स्थानिक क्लबात जायचा. क्लबवाल्यांची आठवण अशी की तो दिसायच्या आधी ऐकू यायचा, धावताना इतके विचित्र आवाज काढायचा. १९४७ मध्ये मॅरेथॉन पळाला, पाचवा आला: २ तास ४६ मिनिटं ३ सेकंद. पुढच्या वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये जो पहिला आला त्याच्यापेक्षा अकरा मिनिटं जास्त. तुझ्या एका व्हॉइस मेसेजएवढाच फरक गं! पायाच्या दुखण्याने त्याचं ऑलिंपिक हुकलं. नाहीतर विचार कर, त्याच १९४८ च्या ऑलिंपिकला तुझ्या कराडकडचे खाशाबा जाधव आले होते, कुस्तीत सहावे. एकाच संचलनात दोघं असते. खाशाबांनी त्याला कुठे रनिंगच्या नादी लागलास, दोन जोर मार, असं नक्की सांगितलं असतं. (ही माझी कल्पना. मुलांना वर्गात खरी म्हणून सांगू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.)

आता माझा पराक्रम. आमच्या घराजवळच्या छोट्या पार्करनला मागच्या महिन्यात मी वेळ लावायला उभी राहिले. गणित शिकलेली, कोण घाबरतं? पद्धत साधी आहे. माणूस रेष ओलांडतो, तू बटण दाबायचं, वेळेची यादी तयार होते. पुढे त्याला क्रमांकाचं टोकन मिळतं, ते त्याच्या बारकोडबरोबर स्कॅन होतं. वेळेचा सत्तेचाळिसावा आकडा आणि टोकनाचा सत्तेचाळीस, जुळवलं की झालं. एकास एक संगती, आपली जुनी मैत्रीण. तेवढ्यात एक तपकिरी कुत्रा मालकाच्या पुढे, जीभ बाहेर काढून रेषेवरून गेला आणि माझ्या अंगठ्याने त्याचीही वेळ नोंदवली. कुत्र्याला टोकन कोण देणार? पण यादीत तो बसला तो बसलाच. त्याच्यामागच्या प्रत्येकाला आपल्या पुढच्याची वेळ मिळाली. म्हणजे सगळे थोडे थोडे जोरात धावले! साहजिकच कुणाची तक्रार नाही. जो तो आकडा बघून खूश.

एक आजोबा सोडून. पंच्याहत्तरी तरी उलटलेली, काठीसारखे सरळ. चहाच्या टपरीशी येऊन म्हणाले, ही माझी वेळ नाही, माझ्या घड्याळात चार सेकंद जास्त आहेत, ते मला परत हवेत. मला हसावं की कान धरावेत कळेना. नशीब, दुसऱ्या एका बाईंनीही वेगळी वेळ लावली होती. मग दोन याद्या शेजारी ठेवून आम्ही कुत्रा शोधून काढला आणि खोडला. आजोबांना त्यांचे चार सेकंद मिळाले. खिशात टाकल्यासारखे घेऊन गेले.

आणि त्यावरून मला प्रयोगशाळेतला आपला साधा लंबक आठवला. ९.८ हे उत्तर आधी लिहून मग उलट्या दिशेने वाचनं तयार करणाऱ्या आपण दोघी. ज्यांनी आपल्याला पूर्ण गुण दिले त्या सरांना एकदा जाऊन सांगूया का गं?

या आमच्या पळापळीवर इथे संशोधनही चालतं, तुला आवडेल असं. शेफील्ड हॅलम विद्यापीठातले स्टीव्ह हेक मूळचे भौतिकीवाले, पीएच.डी. कशावर, तर गोल्फचा चेंडू हिरवळीवर आपटतो तेव्हा काय होतं यावर! आपल्या गाईडला असा विषय सांगितला असता तर त्यांनी आपल्यालाच हिरवळीवर आपटलं असतं. २०१८ मध्ये शेफील्डकरांच्या पाहणीला साठ हजारांहून जास्त पार्करनवाल्यांनी उत्तरं दिली. बऱ्याच जणांनी सांगितलं की तब्येत सुधारली, मन बरं राहतं. तू लगेच बोट वर करशील: 'जे टिकले त्यांनाच विचारलंत, सोडून गेलेल्यांचं काय?' करच. मीही तेच म्हटलं. पण एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. वर्षागणिक सगळ्यांची मिळून सरासरी वेळ वाढत गेलीय, म्हणजे लोक हळू होत चाललेत, आणि पार्करनवाले याचा अभिमान बाळगतात. जोरात धावणारे कमी झाले म्हणून नाही, माझ्यासारख्या आल्या म्हणून. सरासरी बिघडवल्याबद्दल कौतुक होण्याची ही माझी पहिलीच वेळ.

काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते लिही. गोडा मसाला संपत आलाय, पण तो मागायला हे पत्र नाही (आहे). आणि जूनमध्ये येतेयस ना? तुझं नाव मी परस्पर नोंदवून टाकलंय. बारकोड छापून, प्लास्टिकमध्ये घालून, फ्रिजवर लावलाय. पहिल्या शनिवारी शेवटी राहायचं काम मी घेणार आहे. तू हवी तितकी रमतगमत चाल, मी मागेच असेन.

तुझी,
शेवटून दुसरी