गाडीवरचे बिऱ्हाड

मलकापूर परिसरात गळीत हंगाम सुरू झाला की शिवारात ऊसतोड्यांचा तळ पडतो. बीडकडून आलेली ही माणसे संसार गाडीवर लादून आणतात आणि पाचटाच्या कोपीत मांडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादमाची उचल फिटेपर्यंत त्याला विसावा नाही.

एका सायंकाळी त्या तळावर बसलो असता एक माउली म्हणाली, ‘‘बाबा, पोरीचा दाखला गावाकडं राहिलाय. शाळंत घेतील का?’’

शिक्षणहक्क कायदा २००९ चा. दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, हे तिला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे शाळेत गेलो. मुलीचे नाव पटावर चढले.

वाचकहो, आपल्याही शिवारात असा तळ असेल. एकदा तिकडे वाट वाकडी करावी.