मॅप बघ ना एकदा

जुन्नर माझं आजोळ. पावसाळ्यात ढग खाली उतरले की आजी हमखास विमानाची गोष्ट सांगायची. मध्यरात्र उलटून गेलेली, मोठा आवाज झाला, सगळ्यांना वाटलं कुठेतरी वीज पडली. लहानपणी मला ती भुताच्या गोष्टींसारखीच वाटायची.

कॉलेजात असताना एकदा गूगल केलं. गोष्ट खरी होती. 7 जुलै 1962. अलितालियाचं डीसी-8, सिडनीहून रोमला निघालेलं. बँकॉकहून मुंबईला येताना ते जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. आत 94 माणसं होती. एकही वाचलं नाही. मुंबई तिथून साधारण 84 किलोमीटर, म्हणजे विमानाला दहा-बारा मिनिटं.

चौकशीत निघालेलं कारण साधं होतं. आपण मुंबईच्या बरेच जवळ पोचलोय असं वैमानिकाला वाटलं आणि खाली डोंगर असतानाच, अंधारात, ढगांत त्याने विमान उतरवायला घेतलं. आपण नक्की कुठे आहोत हे तपासायची साधनं होती. ती वापरली गेली नाहीत.

एवढा कसा निष्काळजी, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही पाच जण जीवधनवर गेलो. धुकं एवढं, की पुढच्याची सॅक दिसत नव्हती. परतीची वाट माझ्या भरवशावर, कारण ‘हा इथलाच’. एका जागी मी म्हणालो, “हीच वाट, चला.”

मित्र म्हणाला, “मॅप बघ ना एकदा.”

फोन सॅकमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. “अरे, दहा मिनिटांत खाली,” मी म्हटलं.

पुढे वाट नव्हतीच, घसारा होता. तो घसरला. पाय दोन ठिकाणी मोडला. गावातल्या लोकांनी त्याला खाली आणेपर्यंत रात्र झाली. त्यावरून तो मला कधीच काही बोलला नाही. तेच जास्त लागतं.

आता त्या अपघाताबद्दल वाचताना ‘निष्काळजी’ हा शब्द मनात येत नाही. त्या क्षणी मला जराही शंका नव्हती, हे आठवतं. शंका असती तर सॅक उघडली असती. हल्लीच्या विमानांत जमीन जवळ आली की ओरडून सांगणारं यंत्र असतं. 1962 मध्ये ते नव्हतं. माझ्याबरोबर मात्र मित्र होता, आणि त्याने सांगितलं होतं.

परवा त्याचा फोन आला. “यंदा जाऊया का कुठे? सोपं काहीतरी.”

मी हो म्हटलं. मग म्हटलं, “मॅप तुझ्याकडे.”