माहेर घेऊन जाताना

परदेशाचा व्हिसा म्हटला की आपल्या घरांत अजूनही आखाती देशच डोळ्यांपुढे येतात. सौदी, कुवेत, दुबई. तिकडून कंपनी कागद पाठवते, मेडिकल होते आणि माणूस विमानात बसतो. बोलावणारा कोण, एवढे पक्के असले की बरेचसे काम झाले. युरोपच्या व्हिसाचे तसे नाही. तिथे बोलावणारा तर लागतोच, पण त्याहून मोठा प्रश्न वेगळा असतो : तुम्ही परत का याल?

सरावलीत शिलाईचे दुकान चालवणाऱ्या आम्हा नवरा-बायकोला गेल्या थंडीत या प्रश्नाचे उत्तर कागदावर मांडावे लागले. आमची लेक जर्मनीत परिचारिका आहे, जावईही तिथेच नोकरीला. पहिले बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. पण तिचा डॉक्टर तिथे, विमा तिथे. तिकडच्या कायद्याप्रमाणे प्रसूतीआधी सहा आठवडे आणि नंतर आठ आठवडे तिला कामावरून सुट्टी होती. आईची मात्र सोय कोणत्याच कायद्यात नसते. लेक माहेरी येऊ शकत नव्हती, म्हणून माहेरानेच तिच्याकडे जायचे ठरले.

या व्हिसाला शेंगेन व्हिसा म्हणतात. शेंगेन हे लक्झेंबर्गमधले एक लहानसे गाव. १९८५ साली तिथे झालेल्या करारामुळे आज २९ देशांत एकाच व्हिसावर फिरता येते. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णय साधारण पंधरा दिवसांत होतो, पण ४५ दिवसही लागू शकतात. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा, आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. जून २०२४ पासून मोठ्या माणसाची फी ९० युरो आहे, केंद्राचा आकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी ही फी परत मिळत नाही. शिवाय निदान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा प्रवासी आरोग्य विमा लागतो.

लेकीने तिकडच्या परदेशी नागरिक कार्यालयात २९ युरो भरून हमीपत्र केले. आमच्या राहण्याचा, औषधपाण्याचा खर्च तिच्यावर, असा त्याचा अर्थ. त्याची मूळ प्रत तिने टपालाने पाठवली. ती हातात घेताना वाटले, काल-परवापर्यंत शाळेच्या अर्जावर हिच्यासाठी पालक म्हणून आम्ही सही करत होतो.

आमच्याकडचे कागद गोळा करताना पहिली अडचण नावांची आली, आणि ती आपल्या बहुतेक घरांत येईल. पासपोर्टवर नावापुढे ‘बी’, बँकेत ते नाही. निकाहनाम्यात वडिलांचे नाव एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या. मोहम्मद हे एकच नाव इंग्रजीत चार प्रकारे लिहिलेले. आपल्याला ठाऊक असते की माणूस एकच आहे. कागद बघणाऱ्याला ते कसे कळावे? पासपोर्टवरचे नाव प्रमाण धरून बँकेतले नाव बदलून घेतले, उरलेल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र केले. निकाहनामा उर्दूत, म्हणून विवाह नोंदणीचा दाखला जोडला. या एका कामात तीन आठवडे गेले.

दुसरी अडचण पैशांची. दुकानाचा बराच व्यवहार रोखीचा. दोघांच्या खात्यांत मिळून एक लाख चाळीस हजार होते. बोईसरच्या एका एजंटाने सल्ला दिला, “चाचा, पाच लाख दाखवा. पंधरा दिवसांसाठी मी टाकतो खात्यात, थोडी टक्केवारी द्या. सगळेच करतात.” त्या रात्री घरात बराच वाद झाला. तारीख जवळ येत होती, नकार आला तर लेक तिथे एकटी पडणार होती. शेवटी अम्मी म्हणाल्या, “जे आपलं नाही, ते आपलं म्हणून सही कशी करणार?” विषय तिथेच संपला. व्यवहाराच्या दृष्टीनेही ते बरे झाले. खात्याचा काही महिन्यांचा उतारा पाहिला जातो, त्यात अचानक आलेली रक्कम लपत नाही. आणि खोटा कागद हे तर व्हिसा नाकारण्याचे सरळ कारण आहे.

मग आहे तेच नीट मांडले. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, गुमास्ता परवाना, घरपट्टीची पावती. बारावीत शिकणाऱ्या मुलाचा शाळेचा दाखला. वयस्कर अम्मी आमच्यासोबत राहतात, हे दाखवणारे रेशनकार्ड. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका शाळेचे पत्र, की जूनसाठीचे गणवेश आमच्याकडेच शिवायला दिले आहेत. सोबत एक पानाचे साधे पत्र : का जातो, कुठे राहणार, कोणत्या तारखेला परतणार.

लेकीच्या वॉर्डात मनिलाची एक परिचारिका आहे. तिची आई तिकडे घराच्या ओसरीवर किराणा मालाचे दुकान चालवते. त्याला ‘सारी-सारी’ म्हणतात. तिलाही हाच अर्ज, हीच फी, हाच विमा. आपल्या ग्रामपंचायतीसारखे त्यांचे ‘बारांगाय’. तिथला रहिवासी दाखला तिने जोडला होता. हे ऐकून फार धीर आला. मनिलाच्या त्या आईला आणि सरावलीच्या आम्हाला कुणी तरी एकाच प्रश्नाच्या बाकावर बसवले होते.

पहाटेची गाडी धरून मुंबईला गेलो, फोटो आणि बोटांचे ठसे दिले. हे ठसे ५९ महिने चालतात, तेवढ्या काळात पुन्हा द्यावे लागत नाहीत. विमानाचे तिकीट मात्र पैसे भरून घेतले नव्हते, नुसते आरक्षण दाखवले. अठराव्या दिवशी पासपोर्ट आले. सत्तर दिवस मागितले होते, साठ मिळाले. लेकीचे बाळंतपण सुखरूप झाले, नातवाच्या कानात अजान त्याच्या नानांनी दिली. ‘अजून थोडं राहा’ असे लेक म्हणत होती, तरी ठरल्या तारखेला निघालो. घरी पोचलो तेव्हा शाळेच्या कापडाचे तागे दुकानात येऊन पडले होते.

हे वेळेवर परतणे महत्त्वाचे आहे. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी असा नियम आहे की, तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले तर पुढचा दोन वर्षांचा, अनेकदा जाता येईल असा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. पहिल्या अर्जात परत येण्याचे कारण सांगावे लागते. पुढच्या वेळी ते पासपोर्टच सांगतो.