पुढच्याचं चाक

खोपोली सुटली की बोरघाट सुरू होतो आणि मुंबई-पुणे सायकल शर्यतीतलं बोलणं थांबतं. तोवर सपाटीवर मी कुणाच्या तरी मागेच होतो. पुढच्या चाकापासून थोडंसंच अंतर राखलं, की वाऱ्याशी झुंजायची निम्मी कटकट वाचते. ही लबाडी नव्हे, रीतच आहे. पाळीपाळीने पुढे यायचं, वारा झेलायचा, बाजूला व्हायचं. काही जणांना मात्र नेमकी पाळी आली की तहान लागते. त्यांचा राग येतो. थोडा हेवाही.

घाटात वेग उतरतो, तसा आडोशाचा उपयोगही. शिंगरोबाच्या देवळाच्या आसपास डावपेच वगैरे मांड्यांना कळेनासे होतात. माथा आधी गाठणारा ‘घाटाचा राजा’. तो किताब माझ्यासाठी नाही, हे मला पक्कं ठाऊक. तरी मी समोरच्या टायरवरून नजर काढत नव्हतो. त्या माणसाचं नाव माहीत नव्हतं. दिसत होत्या फक्त पोटऱ्या आणि टायरची झिजलेली कड. एवढा वेळ एखाद्याला इतक्या जवळून आपण एरवी कधी बघतो?

लोणावळ्यानंतर पुणं साठेक किलोमीटर उरतं. तिथे तो न वळताच म्हणाला, “आता तू ये पुढं.”

गेलो. मागे अजून कोण कोण आहे, ते बघायचं राहूनच गेलं.