सुईआधीची दोन वाक्ये

रुग्णाची उलटी थांबवणे हे रुग्णालयातील किरकोळ काम, अशी परिचारिकेचा गणवेश नव्याने अंगावर चढवला तेव्हा माझी समजूत होती. ती एका रात्रीत गळून पडली.

१९९४ सालचा पावसाळा. मी एका मोठ्या रुग्णालयात रात्रपाळीवर होते. अठरा वर्षांची एक मुलगी दुपारपासून ओकून ओकून मलूल झाली होती. डॉक्टरांनी मेटोक्लोप्रामाइड लिहून दिले. शिरेतून सावकाश द्यायचे ते औषध मी घाईने दिले व पुढच्या खाटेकडे वळले. पूर्वी ते कधी बाधले होते का, हेही विचारले नाही.

ओकारी थांबली, पण पहाटे तिच्या आईने किंकाळी फोडली. मुलीची मान एका बाजूला पिळवटली होती, डोळे वर चढले होते, जबडा आवळला होता. शुद्ध मात्र पूर्ण होती. ‘‘सिस्टर, हिला बाहेरचं काही लागलं!’’ आई रडत होती. डॉक्टरांनी प्रोमेथाझिनचे इंजेक्शन दिले आणि थोड्याच वेळात मान सरळ झाली. तरुण वयात, विशेषतः मुलींना, या औषधाने असे होऊ शकते. सावकाश दिले असते तरी कदाचित झाले असते, असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी मला दोष दिला नाही.

आईने मात्र विचारले, ‘‘असं होतं हे तुम्हांला ठाऊक होतं?’’

‘‘होय.’’

‘‘मग आम्हांला सांगितलं का नाही?’’

या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते.

त्यानंतर हाती सुई घेण्यापूर्वी मी ओकारीचे कारण शोधू लागले. पोट फुगून आतडे अडले असेल तर मेटोक्लोप्रामाइड देऊ नये. डोक्याला मार लागलेल्याची ओकारी ही धोक्याची खूण असते. ती औषधाने झाकण्याआधी डॉक्टरांना कळवावे. ऑन्डॅन्सेट्रॉन बद्धकोष्ठ करते, हृदयाच्या ठोक्यांची लयही बिघडवू शकते. म्हणून सतत ओकून पोटॅशियम उतरलेल्या रुग्णाला ते जपून द्यावे. केमोथेरपीच्या रुग्णाला ते सुमारे अर्धा तास आधी द्यावे, मळमळ सुरू होण्याची वाट पाहू नये. प्रोमेथाझिनने गुंगी येते. रुग्णाला एकट्याने उठू देऊ नये. ते शिरेबाहेर झिरपले तर मांस कुजू शकते, म्हणून स्नायूत खोलवर देणे बरे.

हे सारे पुस्तकांत आहे. त्या आईने शिकवलेले मात्र पुस्तकात मला आढळले नव्हते. निवृत्तीपर्यंत प्रत्येक सुईआधी मी खाटेशी वाकून दोन वाक्ये बोलत राहिले : ‘‘याने मळमळ थांबेल. पण मान आखडली, जीव घाबरा झाला, तर लगेच मला हाक मारा.’’

ती बोलायला अर्धे मिनिटही लागत नाही. त्या रात्री मला तेवढेही सवडीचे वाटले नव्हते.