द्राक्षांचे इंग्रजी

जानेवारी उजाडला की दिंडोरी, निफाडच्या बागांतून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची धांदल सुरू होते. न्हावाशेवा बंदरातून निघालेला शीतकंटेनर रॉटरडॅमला पोहोचून उघडेपर्यंत तीन आठवड्यांहून अधिक काळ ही फळे कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीत. त्या अवधीत बागाईतदार आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये उरते ते केवळ कागदावरचे इंग्रजी. ते कसे असावे, याविषयी आपल्या समाजात थोडा गैरसमज आहे असे आम्हांस वाटते.

कॉन्व्हेंटचे शिक्षण हे आपल्या कुटुंबांचे भूषण, आणि ते योग्यच आहे. परंतु चांगले इंग्रजी म्हणजे घोटीव उच्चार आणि भारदस्त शब्द, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. (आमच्या पिढीत 'काइंडली डू द नीडफुल' लिहिता आले की अर्ज देखणा झाला, असे मानीत.) रॉटरडॅमच्या व्यापाऱ्याची मातृभाषा डच, इंग्रजी त्यालाही शिकावेच लागले. त्याला अलंकार नको असतात. काही पेट्यांत मणी गळलेले आढळले असे त्याने कळविले, तर तो माल कोणत्या बागेतला, केव्हा खुडला, केव्हा भरला आणि वाटेत तापमान किती होते, एवढेच त्याला हवे असते. त्याऐवजी 'आमचा माल सर्वोत्कृष्ट' अशा थाटाचे लांबलचक उत्तर गेले की त्याचा संशय वाढतो. होकार-नकाराविषयी प्रभूने डोंगरावरील प्रवचनात जी शिकवण दिली, ती व्यापाराच्या पत्रालाही लागू पडावी.

लिहिण्याहूनही वाचण्याचे मोल नाशिकला २०१० साली कळले. त्या हंगामात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश युरोपच्या मर्यादेहून अधिक आढळला. वेलीच्या शेंड्यांचा जोर आवरण्यासाठी वापरले जाणारे हे रसायन. किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा युरोपच्या नियमांत होती. निर्यातीपूर्वी आपल्याकडे ज्या औषधांची तपासणी होई, त्या यादीत मात्र ते नव्हते. माल अडला, भाव कोसळले. ज्यांनी मुलीचे लग्न किंवा बँकेचा हप्ता त्या पिकावर योजला होता, त्यांच्या घरी काय झाले असेल, हे सांगावयास नको. दोष भाषेचा होता असे आम्ही म्हणणार नाही. तरी गिऱ्हाइकाच्या देशाचे नियम मुळातून वाचून शंका विचारणारा एखादा तरुण गावोगावी असता, तर ती शंका वेळेवर विचारली जाण्याचा संभव होता, एवढे खास.

परक्याची भाषा शिकण्यात कमीपणा कसला? फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आले, येथली भाषा शिकले, आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. त्यांच्या देशबांधवांना त्या वेळी हिंदुस्थानच्या सागरी वाटेची माहिती फार थोडी होती. गोव्याहून त्यांनी वडिलांना धाडलेले प्रवासवर्णनाचे पत्र १५८९ मध्ये इंग्लंडात ग्रंथात छापले गेले. व्यापारी ते पत्र वाचीत, कारण पाहिलेले ते त्यांनी साधेपणाने लिहिले होते.

म्हणूनच आम्हांस वाटते की, आपल्या धर्मग्रामांतून इंग्रजी संभाषणाचे वर्ग निघतात तसे पत्रलेखनाचेही निघावेत, आणि त्यांत मराठी माध्यमाच्या मुलांना पहिल्या बाकावर बसवावे. बागेचे ज्ञान त्यांच्यापाशी आहे. आमच्या परिचयाच्या अशाच एका मुलाला परदेशी गिऱ्हाइकाने विचारले होते की, छायाचित्रातल्या घडांना वर्तमानपत्रे का गुंडाळली आहेत? त्याने तीन वाक्ये लिहून आम्हांस दाखविली: ऊन आणि रात्रीची थंडी यांनी मणी गुलाबी पडतात. कागदाने ते हिरवे राहण्यास मदत होते. खुडण्याआधी आम्ही कागद काढतो. आम्ही त्यात एक 'द' तेवढा घातला.