आपले घर, आपली किल्ली

सोलापूरच्या नवी पेठेत पाटी नसलेले दुकान सहसा आढळत नाही. त्याच रस्त्याच्या कडेला हातगाडीवाल्यांचाही व्यवसाय जोरात चालतो. एखाद्या गाडीवर दुकानाहून अधिक गिऱ्हाईक असेल. परंतु ‘गाडी हलव’ असा हुकूम आला की तिला हलावेच लागते. आमच्या कुटुंबाने स्वतःचे संकेतस्थळ उभारण्याचे ठरविले, तेव्हा रोज डोळ्यांपुढे असलेला हा फरकच आम्हांला वाट दाखविता झाला.

संकेतस्थळ हवे होते ते आत्याबाईंच्या वहीसाठी. आमच्या आजोबांच्या पिढीत काही ख्रिस्ती कुटुंबे नगर जिल्ह्यातून सोलापूरच्या गिरण्यांत कामास आली. कोण कोणत्या गावचे, कोणाचा बाप्तिस्मा केव्हा झाला, कोणाच्या लग्नात कोणती गीते गायिली गेली, कोण केव्हा प्रभुघरी गेले, हे सारे आत्याबाई वर्षानुवर्षे लिहीत आल्या. पुढे गिरण्या बंद पडल्या, माणसे पुण्या-मुंबईस आणि आखाती देशांत पांगली. वही मात्र नवी पेठेतल्या आमच्या कपाटात राहिली.

आमच्या एका भाचीने वहीच्या पानांची छायाचित्रे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठविली. दोन दिवस कौतुक झाले, नंतर सुप्रभाताच्या संदेशांखाली ती गाडली गेली. दुसऱ्याच्या जागेतील बिऱ्हाडाचे आयुष्य जागामालकाच्या मर्जीइतकेच असते. ‘जिओसिटीज’वर जगभरच्या हौशी लोकांनी लक्षावधी पाने मांडली होती, २००९ साली याहूने अमेरिकेतील ती सेवा बंद केली. आपल्याकडील तरुणांचे लाडके ‘ऑर्कुट’ ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले. म्हणून गाडी नको, लहान का होईना, दुकानच हवे, असे आम्ही ठरविले.

त्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली पत्ता, म्हणजे डोमेन. तो वर्षाच्या बोलीने मिळतो. २०१४ पासून नागरी अक्षरांत ‘.भारत’ असा पत्ताही घेता येतो. दुसरी जागा, म्हणजे रात्रंदिवस चालू असलेल्या सर्व्हर नावाच्या संगणकावरील भाड्याचा कोपरा. तिसरी बांधकामाची अवजारे. ती आम्ही ‘वर्डप्रेस’ची घेतली. अमेरिकेतील मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधील माइक लिटल यांनी २००३ साली एका जुन्या मुक्त प्रणालीवरून ती घडविली. कोणीही ती विनामूल्य घ्यावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी, असा तिचा परवाना आहे. तिच्या फायली आम्ही आपल्या कोपऱ्यात चढविल्या, माहितीसाठी मायएसक्यूएलचे कोठार उघडले, त्याचे नाव व परवलीचा शब्द वर्डप्रेसला सांगितला, भाषा मराठी निवडली. आणि पडद्यावर कोरे पान उभे राहिले.

आत्याबाई शेजारी बसून पाहत होत्या. त्यांनी विचारले, “जागा भाड्याचीच ना रे? मग आपलं काय त्यात?”

प्रश्न मर्मावरचा होता. जागा भाड्याची खरी. परंतु लेखांचे कोठार, छायाचित्रे आणि अवजारे आपल्या ताब्यात असतात. मालकाशी पटले नाही तर सारा संसार उचलून दुसऱ्या जागी मांडता येतो; पत्ता आपल्या नावावर असल्याने पाहुण्यांची वाट चुकत नाही. मजकूर व सजावटही निरनिराळी राहते. चादरीची नक्षी बदलावी आणि सूत तेच राहावे, तसे हे आहे.

खरा वेळ गेला तो अक्षरांत. वहीतील काही पाने पूर्वी छापखान्यात जुळविलेली होती. त्या फायली उघडताच मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसे. कारण त्या काळी प्रत्येक फाँटची अक्षरयोजना वेगळी असे. युनिकोडमध्ये १९९१ पासून प्रत्येक नागरी अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. आम्ही ती पाने युनिकोडमध्ये पुन्हा उतरविली.

हे करताना फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होणे साहजिक होते. त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले, तेही रोमन लिपीत. नागरी खिळ्यांची सोय तेव्हा झाली नव्हती. १६४९ व १६५४ साली ते पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखित नकलांमुळे. त्यांवरूनच १९०७ साली मंगळुरात सालढाणा यांची आवृत्ती निघाली. छापखान्याने जे राखले नाही, ते नकलणाऱ्या हातांनी राखले.

म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्साहून आल्यावर आम्ही संकेतस्थळाच्या दोन नकला काढतो. एक घरी राहते, दुसरी पुण्यास भाचीकडे जाते. त्याच वेळी वर्डप्रेसची नवी आवृत्ती चढवितो. जुन्या कुलपाची किल्ली चोराला लवकर सापडते. परवलीचे शब्द व पत्त्याच्या नूतनीकरणाची तारीख एका लिफाफ्यात, आत्याबाईंच्या बायबलमध्ये आहेत.

एका प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही अवजाराजवळ नव्हते. वहीत एका कुटुंबाच्या कर्जाची आणि घर सोडून गेलेल्या गृहस्थाची हकिकत होती. आमच्यापैकी काहींचे म्हणणे पडले की इतिहास जसाच्या तसा द्यावा. आत्याबाई म्हणाल्या, “लिहिलं ते खरंच आहे. पण त्याची नातवंडं शाळेत जातात. त्यांनी हे जगासमोर वाचावं, म्हणून नाही मी लिहिलं.” ते पान वहीतच राहिले. हयात व्यक्तींचा मजकूर त्यांच्या संमतीशिवाय द्यायचा नाही, असा नियम आम्ही त्याच दिवशी केला. दार आपले असले, की त्यातून काय बाहेर जाऊ द्यायचे याची जबाबदारीही आपलीच असते. ती जागामालकावर ढकलता येत नाही.

वाचकहो, आपल्या प्रत्येक धर्मग्रामात अशी एखादी वही असेल: गीतांची, मिस्त्रींच्या हिशोबाची किंवा नुसत्या नावांची. ती लिहिणारे हात अजून आपल्यात आहेत, तोवर त्यांच्या शेजारी बसून ती उतरवून घ्यावी. काय द्यावे आणि काय झाकावे, हे त्यांच्याइतके नेमके पुढे कोणी सांगू शकणार नाही.